विद्रावाच्या संहतीची कल्पना आणि सिद्धेश्वरचे पाणी

अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून गोदावरीस मिळणाऱ्या पूर्णा नदीवर येलदरी आणि तिच्या खालच्या अंगास सिद्धेश्वर अशी दोन धरणे आहेत. १९६८ साली ती पुरी झाली. सिद्धेश्वर हे गाव औंढा नागनाथ तालुक्यातील. त्या वेळी परभणी जिल्ह्यात मोडणारा हा भाग १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात आहे. (वऱ्हाडातील खारपाण पट्ट्यातून वाहत जाऊन तापीस मिळणारी पूर्णा ही निराळी नदी होय. नामसाम्यामुळे दोहोंची गल्लत होऊ नये.) सिद्धेश्वरहून निघालेले पाटाचे पाणी काळ्या जमिनीत मुरते, तेव्हा विश्लेषकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा की, या पाण्यात क्षार किती? या ‘किती’चे उत्तर कोणत्या मापाने द्यावे, याचा इतिहास वाटतो तितका सरळ नाही.

एखाद्या विद्रावात विद्रुत पदार्थ किती, हे भाराने सांगणे सर्वांत स्वाभाविक. तथापि परिमाणात्मक विश्लेषणाची जी शाखा पुढे अनुमापन म्हणून नावारूपास आली, तिचा जन्म या प्रश्नातून झाला नाही. झॉफ्र्वा याने १७२९ साली शिर्क्याची तीव्रता पाहिली, ती पोटॅशियम कार्बोनेटावर शिर्का ओतून, फसफसणे थांबेपर्यंत. स्कॉटलंडात फ्रान्सिस होम याने १७५६ साली कापड शुभ्र करण्यासाठी लागणारी राख पारखली. मोजमाप म्हणून त्याच्या हाती चहाचा चमचा होता. राखेत कोणता पदार्थ किती आहे, हे त्याला ठाऊक नव्हते आणि त्याचे त्यावाचून अडलेही नाही. ही राख किती आम्ल खाते, एवढेच त्याला हवे होते. पुढे रूआँ येथे देक्र्वाझीय याने क्लोरिनयुक्त विद्रावाचा जोर नीळ विरंजित करण्याच्या शक्तीवरून मापला. गे-ल्युसॅक याने १८३२ साली पॅरिसच्या टांकसाळीसाठी चांदीचा कस मिठाच्या विद्रावाने ठरविण्याची रीत सिद्ध केली. ज्या फ्रेंच शब्दावरून अनुमापनाचे पाश्चात्त्य नाव पडले, त्याचा मूळ अर्थच सोन्याचांदीचा ‘कस’ असा आहे. तात्पर्य, हे सर्व लोक पदार्थाचे वजन विचारीत नव्हते. तो किती काम करील, हे विचारीत होते.

या व्यवहारी प्रश्नास सैद्धांतिक आधार रिश्टरच्या सममूल्यांच्या कल्पनेने अठराव्या शतकाच्या अखेरीस दिला, आणि मोर याच्या १८५५ च्या ग्रंथाने त्यास प्रयोगशाळेतील नित्याचे रूप आले. एक लिटर विद्रावात एक ग्रॅम-सममूल्य पदार्थ असला की तो नॉर्मल विद्राव. अशा दोन विद्रावांची समान आकारमाने परस्परांस नेमकी पुरी पडतात, मग त्यांतील पदार्थांचे भार कितीही भिन्न असोत. विद्यार्थी हे सूत्र पाठ करतो. परंतु त्यातील खुबी ही की, येथे संहति हा पदार्थाच्या राशीपेक्षा त्याच्या क्रियाशक्तीचा हिशेब झाला.

आता जमिनीकडे वळू. कालव्याच्या पाण्याने जमीन खारावते, हा अनुभव महाराष्ट्रास नवा नाही. १८८५ साली सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याच्या प्रदेशात तो आला, आणि हॅरॉल्ड मॅन व तम्हाणे यांनी तेथील क्षारयुक्त जमिनींवरील आपला अभ्यास १९१० साली प्रसिद्ध केला. पूर्णेच्या लाभक्षेत्रातही जमीन काळी, चिकण, पाणी शोषून फुगणारी आहे. अशा जमिनीतील मृत्कण आपल्या अंगावरील कॅल्शियम सोडून सोडियम घेतात आणि उलटही करतात. हा विनिमय सममूल्य प्रमाणात होतो, असे वे याने १८५० साली दाखवून दिले होते. सोडियमचा वाटा फार झाला की कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि पाणी वरच थांबते.

केवळ समजण्यासाठी एक कल्पित नमुना घेऊ. दर लिटरमागे ४० मिलिग्रॅम कॅल्शियम, २४ मिलिग्रॅम मॅग्नेशियम व ४६ मिलिग्रॅम सोडियम. भाराने पाहता सोडियम सर्वांवर वरचढ दिसते. सममूल्यांनी पाहता तिन्ही सारखी, प्रत्येकी सुमारे २ मिलिसममूल्ये. दुसऱ्या नमुन्यात कॅल्शियम २० मिलिग्रॅम, सोडियम ११५ मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम नाही, असे धरा. दोहोंत धनायनांची बेरीज ६ मिलिसममूल्येच येते. परंतु सोडियमच्या अंकास कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या बेरजेच्या निम्म्याच्या वर्गमुळाने भागले असता पहिल्यात १.४, तर दुसऱ्यात ७.१ हे गुणोत्तर मिळते. हेच सोडियम अधिशोषण गुणोत्तर. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या १९५४ च्या क्षारजमिनींवरील पुस्तिकेने ते रूढ केले. ‘एकूण क्षार’ हा एकच आकडा नोंदविणाऱ्या अहवालात हे दोन नमुने जवळजवळ जुळे ठरतील. शिवाय जलाशयात वा शेतात पाणी आटू लागले की कॅल्शियम कार्बोनेट साक्याच्या रूपाने खाली बसते आणि उरलेल्या पाण्यात सोडियमचा वाटा वाढतो. म्हणून धरणाच्या दाराशी घेतलेला नमुना आणि पाटाच्या शेपटाकडील विहिरीचा नमुना एकाच तागडीत तोलणे मला गैर वाटते.

१९७१ साली मोल हे एकक आंतरराष्ट्रीय पद्धतीत आले, आणि २०१९ पासून ते ६.०२२१४०७६ × १०^२३ या निश्चित संख्येवर आधारलेले आहे. त्यामुळे नॉर्मलता पाठ्यपुस्तकांतून मागे पडली. एकाच पदार्थाचा सममूल्यभार अभिक्रियेप्रमाणे बदलतो, हा तिच्यावरील आक्षेप रास्तच आहे: आम्लयुक्त विद्रावात पोटॅशियम परमँगॅनेटाचा सममूल्यभार रेणुभाराच्या एकपंचमांश, तर उदासीन विद्रावात एकतृतीयांश. तरीही जमीन व पाणी यांच्या बाबतीत, जेथे विद्युत्भारालाच महत्त्व आहे, तेथे हा आक्षेप फारसा लागू पडत नाही. मृदाशास्त्राने हे आपल्या परीने मान्य केलेच. विनिमयक्षमता पूर्वी शंभर ग्रॅम मातीमागे मिलिसममूल्यांत देत. आता ती किलोग्रॅममागे धनभाराच्या सेंटिमोलांत देतात. अंक मात्र दोन्ही मापांत तोच येतो.