पऱ्हाटीची वंशावळ

दिवाळीच्या सुमारास बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागातून, मलकापूर, नांदुरा, खामगावच्या काळ्या जमिनीतून, जो कोणी प्रवास करील त्याला सांगायला नको की आमच्याकडे ऋतू ओळखायचा तो पऱ्हाटीवरून. बोंडे फुटू लागली की बायका ओटी बांधून वेचणीला निघतात. पहिल्या वेचणीला सीतादही करण्याची, म्हणजे शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवण्याची, चाल काही घरांनी अजून सोडलेली नाही. या पिकाचा इतिहास म्हटला म्हणजे भावांचा आणि गाठींचा इतिहास सांगितला जातो. मला सांगायचा आहे तो त्याहून आतला, सरकीच्या पोटातला.

तरी आरंभ बाजारापासूनच करावा लागेल. १८५३ साली वऱ्हाड निजामाच्या हातून इंग्रजांच्या कारभारात गेला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि साऱ्यांच्या नजरा आमच्या काळ्या रानाकडे वळल्या. १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा निघाला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एवढ्याशा फाट्यासाठी एवढा मोठा माणूस! पण खामगावची कापसाची पेठ तेव्हा तशीच होती.

साहेबाची तक्रार मात्र एकच: धागा आखूड. वऱ्हाडात ‘बनी’ नावाचा तलम, लांब धाग्याचा वाण होता. शेतकरी तो सोडून ‘जरी’ नावाचा भरड वाण पेरू लागला होता. कापूस-आयुक्त रिव्हेट-कर्नाक यांच्या काळापासून सरकारने बनीचे शुद्ध बी राखण्याची खटपट केली, अमेरिकन बियाणेही वाटून पाहिले. कुणब्याला हट्टी, अडाणी ठरवणारी वाक्ये त्या काळच्या सरकारी लिखाणात पुष्कळ सापडतात. मला विचाराल तर हिशेब कुणब्याचाच बरोबर होता. जरी लवकर हाती येई, रेच्यातून तिची रुई अधिक निघे आणि व्यापारी तलम धाग्याला त्या मानाने जादा पैसे देत नसे. अमेरिकन पऱ्हाटी तर आमच्या लहरी पावसात पुष्कळदा माना टाकी.

मग कोणालाही सुचेल तेच पुढच्या संशोधकांना सुचले. देशी झाडाचा काटकपणा आणि अमेरिकन झाडाचा लांब धागा यांचे लग्न लावून द्यावे! लग्न लागले, क्वचित झाडही उगवले, फुलले. पण बोंड धरेना. संकर वांझ निघाला.

याचे उत्तर १९२० नंतर सूक्ष्मदर्शकाखाली मिळाले. प्रत्येक पेशीत रंग दिल्यावर दिसणारे बारीक धागे असतात, म्हणून जुनी मंडळी त्यांना रंगसूत्रे म्हणत. आता गुणसूत्रे म्हणतात. आईबापांचे गुण त्यांतून पोराबाळांत उतरतात. कांद्यात ती १६, ज्वारीत २०, माणसात ४६. (माणसाची ४८ आहेत असे मोठमोठे पंडित कित्येक वर्षे खुशाल मोजत होते. खरा आकडा १९५६ साली ठरला!) देशी कापसात ती निघाली २६ आणि अमेरिकनात ५२. संकराच्या वाट्याला बापाची अर्धी, आईची अर्धी, म्हणजे १३ आणि २६ मिळून ३९ आली. बी धरण्यापूर्वी या सूत्रांना जोडी जमवावी लागते; ३९ची जमणार कशी?

खरी गंमत पुढेच आहे. १९३४ साली स्कोव्हस्टेड या संशोधकाने दाखवले की अशा संकरात देशी कापसाची १३ सूत्रे अमेरिकनच्या १३ मोठ्या सूत्रांशी जोडी करतात. उरतात ती १३ लहान, एकटी. म्हणजे अमेरिकन कापूस हा मुळात दोन घराण्यांचा: अर्धा आमच्या देशी कापसाचा भाऊबंद, अर्धा अमेरिकेतल्या रानकापसाचा. १९४० साली बीझ्ली या अमेरिकन संशोधकाने हे करूनच दाखवले. देशी कापूस आणि अमेरिकन रानकापूस यांचा संकर करून त्याने तो कोल्चिसिन या विषाने दुप्पट केला आणि ५२ सूत्रांचे झाड मिळवले. हेच विष आपल्या कळलावीतही असते. कळ लावणारी म्हणून बदनाम झालेल्या वनस्पतीतले द्रव्य इथे सोयरीक जुळवायला उपयोगी पडावे, हे मला फार आवडते. हा तरुण बीझ्ली पुढे दुसऱ्या महायुद्धात मारला गेला.

आता प्रश्न उरला, जुन्या जगातला कापूस समुद्रापार गेला कसा? इंदूरच्या संशोधन संस्थेत आपल्या विनायक गोविंद पानशांबरोबर काम केलेले हचिन्सन यांनी १९४७ साली दोन सहकाऱ्यांसह असे मांडले की तो आशियातून माणसानेच नेला. हे मत टिकले नाही. हा संयोग सुमारे दहा ते वीस लाख वर्षांपूर्वीचा, माणसाला शेती माहीत होण्याच्या कितीतरी आधीचा. खाऱ्या पाण्यात तग धरणारे बी लाटांवरून वाहत गेले असावे, असे आता बहुतेक मानतात. १९५३ साली गर्स्टल यांनी सूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल तपासून सांगितले, की आपल्याकडच्या दोन देशी जातींपैकी हर्बेशियम ही त्या पूर्वजाला अधिक जवळची. वऱ्हाडची जुनी पऱ्हाटी मात्र दुसऱ्या, आर्बोरियम जातीची. म्हणजे सख्खी नव्हे, चुलत. अलीकडच्या अभ्यासाने तर दोघींनाही चुलत ठरवून खरा पूर्वज नष्ट झाला असे म्हटले आहे.

आमच्या चुलत घराण्याचे वय मात्र लहान नाही. नेवाशाच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातल्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. तिच्या दोऱ्यात रेशमाबरोबर कापूस होता. अमेरिकन बी हिंदुस्थानात आले अठराव्या शतकाच्या शेवटी. तेव्हा तो दोरा २६ सूत्रांच्या देशी कापसाचाच असणार.

१९७० साली सुरतच्या सी. टी. पटेल यांनी एच-४ हे संकरित बियाणे काढले आणि बावन्नवाल्यांचे राज्य सुरू झाले. २००२ मध्ये बीटी बियाण्याला परवानगी मिळाल्यावर तर देशी पऱ्हाटी आमच्या शिवारातून जवळजवळ हद्दपार झाली. बोंडअळी काही वर्षे दबली खरी; पण २०१७ साली गुलाबी अळीने महाराष्ट्रात पुन्हा कहर केला. मावा-तुडतुड्यांपुढे आणि पावसाच्या ताणापुढे अधिक टिकणारी देशी जात अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने मात्र टाकली नाही. तिच्यातून लांब धाग्याचे वाण काढण्याचे काम तिथे झाले आहे. संकरित पऱ्हाटीची सरकी घरी ठेवून पेरली तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात, म्हणून दर मृगाला नवी पिशवी विकत घ्यावी लागते, बहुधा उसनवारीने. जुन्या पऱ्हाटीची सरकी घरच्या कोठीतूनच पेरणीला निघे.