फक्कीची रेघ

कबड्डीचं मैदान आखताना मी पहिली रेघ मधली मारतो. त्याआधी खडे वेचून झालेले असतात, आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडून सकाळी धुमसानं माती चोपलेली असते. मग खुंट्या ठोकून सुतळी ताणायची. लांबी तेरा मीटर, रुंदी दहा. मधल्या रेघेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्या पुढे एक मीटरवर बोनस. माझ्याकडे पत्र्याचा जुना डबा आहे, बुडाला खिळ्यानं भोकं पाडलेला. त्यातून फक्की झटकत सुतळीच्या कडेनं ओणवं चालायचं. दुपारी ठसठशीत दिसणारी रेघ रात्री चौथ्या-पाचव्या सामन्याला पायाखाली पुसून जाते. पंच सामना थांबवतात आणि कुणीतरी डबा घेऊन धावतो. आमच्या दिघाशी गावात गेली तीसेक वर्षं तो कुणीतरी मी आहे. त्याआधी मी डावा कोपरा सांभाळायचो. गुडघा गेला आणि डबा हातात आला.

माझा भाचा कॅलिफोर्नियात बर्कलीजवळ नोकरीला आहे. मागे एका रविवारी त्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, इथं कॉलेजच्या संघांनी कमाल केलीय." तिथं विद्यापीठांचे संघ आपापल्या गटात खेळतात. गटाला कॉन्फरन्स म्हणतात. आपल्या जिल्हा संघटनेसारखंच, वर्षानुवर्षं त्याच शेजाऱ्यांशी झुंजायचं. पॅसिफिक किनाऱ्याच्या बाजूच्या बारा विद्यापीठांचा असा एक जुना गट होता, पॅक-ट्वेल्व्ह. २०२२ च्या जूनअखेर लॉस एंजेलिसच्या दोन बड्या विद्यापीठांनी तो सोडायचं जाहीर केलं, आणि २०२४ उजाडेपर्यंत बारातल्या दहांनी दुसरं घर बघितलं होतं. बर्कली आणि स्टॅनफर्ड तर अटलांटिक किनाऱ्याच्या गटात गेली. म्हणजे घर एका समुद्राला आणि नाव दुसऱ्या समुद्राचं. मागे उरले दोघे, ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

"कशापायी पण?" मी विचारलं.

"टीव्हीचे पैसे, मामा. दुसऱ्या गटाला जास्त मिळतात. आपल्याकडे होतं का रे असं?"

मी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. फोन ठेवल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना.

कबड्डीची आपली उतरंड साधी आहे. गावाचं मंडळ जिल्हा संघटनेकडे नोंदवायचं, जिल्हा अजिंक्यपद निवड चाचणी स्पर्धेत उतरायचं, तिथून बारा जणांचा जिल्ह्याचा संघ निवडला जातो आणि तो राज्याला जातो. मी खेळत होतो तेव्हा आमचा जिल्हा ठाणे, आणि ठाणे म्हणजे डहाणू-तलासरीच्या गुजरात सीमेपासून मुरबाडच्या घाटापर्यंत सगळं. २०११ च्या जनगणनेत या एका जिल्ह्याची लोकसंख्या एक कोटी दहा लाखांवर भरली होती. देशात एवढा मोठा दुसरा जिल्हा नव्हता. मोखाड्याच्या माणसाला कलेक्टर कचेरीतल्या एका शिक्क्यासाठी दिवस घालवून ठाण्याला यावं लागायचं. त्यामुळे जिल्हा तोडा ही मागणी जुनी होती आणि रास्तही होती.

ती पुरी झाली १ ऑगस्ट २०१४ ला. पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे आठ तालुके तिकडे गेले. आमची भिवंडी ठाण्यातच राहिली. आता आमचा रस्ता बघा. भिवंडीहून निघालात की अंबाडी नाका, तसंच पुढे गेलात की कुडूस, मग वाडा. अंबाडीपर्यंत ठाणे, कुडूसला पालघर. एकाच एसटीत बसलेले दोघे शेजारी दोन जिल्ह्यांचे झाले.

कुडूसकडच्या एका संघाशी आमचं वीस वर्षांचं हाडवैर होतं, आणि तितकीच सोयरीकही. त्यांचा एक चढाईपटू माझ्या कोपऱ्यावर असा यायचा, की घोटा दाखवायचा आणि ओढून घ्यायचा. हात मारला की मी बाद. सामना संपला की तोच आमच्या ओटीवर जेवायला बसायचा. स्पर्धेच्या पंगतीसाठी घरचा वाडा कोलम आणायचा आणि वर "तुमच्या भाताला वास नाय" असं ऐकवायचा. त्या ऑगस्टनंतर तो भेटला तेव्हा मी चिडवलं, "काय, गेलात आम्हाला सोडून?"

तो म्हणाला, "आमी कय नाय गेलो. रेघ आली."

खेळाच्या संघटना महसुली जिल्ह्याच्या मागोमाग चालतात. पालघरचा कबड्डी संघ वेगळा झाला आणि आमची जिल्ह्याच्या चाचणीतली गाठ संपली. मी हळहळलो. पण त्यांच्या बाजूनं हिशेब मांडला तेव्हा कळलं, त्यांचं काही बिघडलं नव्हतं. जिल्हा फुटला की राज्याला जाणाऱ्या बारा जागा वाढतात. पूर्वी वाड्याच्या पोराला ठाणे, कल्याण, वसई, भिवंडी सगळ्यांना पाडून बारात शिरावं लागायचं. आता निम्मी गर्दी कमी. आमच्याही पोरांचं तेच. दोस्ती तुटल्याचं दुःख माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना, नव्या पोरांना मोकळी खुर्ची दिसते.

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात दुसरी एक रेघ पडली होती. २६ जुलै २०१४ ला वरळीत प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला, यू मुंबा विरुद्ध जयपूर. आम्ही तो नाक्यावरच्या दुकानात उभ्यानं बघितला. मातीऐवजी मॅट, धोतराच्या काच्यातून आलेला खेळ रंगीत जर्सीत, आणि संघ कुणाचा तर ज्यानं लिलावात बोली लावली त्याचा. हरियाणाचा पोरगा मुंबईचा, मराठी पोरगा पाटण्याचा. जिल्हा, तालुका, गाव यांतलं काहीच तिथं विचारत नव्हते. सहा दिवसांच्या आत सरकारनं नकाशावर रेघ ओढली आणि टीव्हीनं सगळ्या रेघा पुसल्या.

पण पोरं कॉलेजला गेली की तिसराच नकाशा सुरू होतो. भिवंडीचं कॉलेज मुंबई विद्यापीठाचं, वाड्याचंही मुंबई विद्यापीठाचं. जिल्ह्याला जे एकमेकांना लोळवतात तेच विद्यापीठाच्या संघात खांद्याला खांदा लावून साखळी धरतात. क्रिकेटचं आणखी वेगळं. शार्दूल ठाकूर पालघरचा, लोकलनं ये-जा करून खेळला आणि रणजीत खेळतो मुंबईकडून. तोच कबड्डीपटू असता तर राज्य स्पर्धेत पालघरचा म्हणून मुंबईविरुद्ध उतरला असता.

विद्यापीठांचे संघ आपल्याकडे असेच रेघांनी फुटत आले. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा त्याचा पसारा अख्ख्या मुंबई इलाख्याएवढा होता. १९३५-३६ मध्ये आंतरविद्यापीठ क्रिकेटची रोहिंटन बारिया स्पर्धा सुरू झाली, तेव्हा पुण्याच्या फर्ग्युसनचा किंवा स. प. चा पोरगा मुंबई विद्यापीठाच्या नावानं खेळायचा. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ झालं, गुजरात, बडोदा, कर्नाटक विद्यापीठंही त्याच सुमारास उभी राहिली, आणि कालचे जोडीदार आजचे प्रतिस्पर्धी झाले. पुण्याकडे सुरुवातीला बारा जिल्हे होते. १९६२ ला कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ निघालं तसे ते पाचांवर आले, १९९० ला जळगावच्या विद्यापीठानं धुळे-जळगाव नेले आणि उरले तीन. २००४ मध्ये सोलापूर शिवाजीतून बाहेर पडलं. यातल्या एकाही कॉलेजच्या संघानं बैठक घेऊन "आम्ही चाललो" असा ठराव केला नव्हता.

उलटंही घडलं. १९५६ ला विदर्भ मध्य प्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात. राज्य बदललं, पण क्रिकेटमध्ये विदर्भ मध्य विभागातच राहिला. आजही एका महाराष्ट्राचे तीन रणजी संघ आहेत, आणि त्यातल्या विदर्भानं २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीनदा रणजी जिंकून दाखवली. गोवा तर शेजारी असून दक्षिण विभागात मोडतो.

मग स्वतःहून कुणी गेलंच नाही का? गेले. एक कारण मानाचं. मुंबईच्या चौरंगी क्रिकेटमध्ये १९२० साली कर्णधारपदात ज्येष्ठता डावलली गेली म्हणून पी. विठ्ठल आणि शिवराम या पळवणकर बंधूंनी हिंदूंच्या संघातून अंग काढून घेतलं. जात आडवी आली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेच विठ्ठल १९२३ मध्ये हिंदूंचे कर्णधार झाले. १९३७ ला स्पर्धा पंचरंगी झाली, नव्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर, आणि त्याच वर्षी हिंदूंचा संघ बाहेर राहिला. कारण बसायच्या जागांचं वाटप. जागा म्हणजे तिकिटं आणि तिकिटं म्हणजे पैसा, पण भांडताना शब्द मानाचाच वापरला जातो. आमच्या पट्ट्यातही एका मंडळानं स्मरणिकेत आपलं नाव खाली छापलं म्हणून तीन वर्षं शेजारगावात संघ पाठवला नव्हता. तीन वर्षांनी त्यांना बक्षिसाची रक्कम दिसली आणि ते आले.

दुसरं कारण नोकरी. हे सगळ्यात मोठं, आणि याला कुणी फुटणं म्हणत नाही. राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेत रेल्वे आणि सेनादल आपापले संघ घेऊन उतरतात. गावचा पोरगा खेळाच्या कोट्यातून रेल्वेत लागला की तो महाराष्ट्राविरुद्ध चढाई करतो. त्याची आई पेढे वाटते. आमच्या गावात भात एका पिकाचा, बाकी गोदामांत हमाली नाहीतर यंत्रमाग. तिथं पक्क्या नोकरीपुढे राज्याच्या संघाचा अभिमान कोण मोजणार? मी मोजला नसता. मला कुणी विचारलं नाही, एवढंच.

तिसरं कारण आता आलंय, भाच्यानं सांगितलेलं. बोली. त्यात मला वाईट एवढंच वाटतं, की बोली लावणाऱ्याला शेजारी लागत नाही. बर्कलीच्या पोरांना आता खेळायला अख्खा देश ओलांडून जावं लागतं. तिथं सामना संपल्यावर कोण कुणाच्या ओटीवर जेवणार?

भाच्याला मी पुढच्या रविवारी उत्तर दिलं. म्हटलं, आपल्याकडेही होतं. पण आपला संघ पैशासाठी गट सोडण्याआधी बहुतेकदा सरकारच गट हलवतं, आणि माणूस जातो तो पोटासाठी. तो हसला. "आणि मग तुमच्या कुडूसवाल्यांचं काय झालं?"

त्यांचं हे झालं. जिल्ह्याच्या चाचणीत ते येऊ शकत नाहीत, पण गावची स्पर्धा आमची, निमंत्रण आम्ही द्यायचं. २०१५ पासून आमच्या प्रवेश अर्जावर जिल्ह्याचा रकानाच नाही. गाव, मंडळ, कर्णधाराचं नाव, मोबाईल, प्रवेश फी. संपलं. गेल्या हंगामात उपांत्य सामन्याला निवेदकानं सवयीनं "पालघर जिल्ह्यातून आलेला" असं म्हटलं, तेव्हा कडेला बसलेल्या माझ्या त्या जुन्या वैऱ्यानं तिथूनच ओरडून सांगितलं, "कुडूसवरून बोल!" त्याचा नातू चढाईला उभा होता. पोरगा मधल्या रेघेपाशी वाकला, माती कपाळाला लावली आणि थांबला. रेघ दिसत नव्हती. पंचांनी माझ्याकडे बघितलं. मी डबा उचलला.