माश्यांची खानेसुमारी

माणसांची खानेसुमारी आपणां सर्वांस परिचयाची आहे. सरकारी अंमलदार दारावर येतो, घरांत माणसें किती, त्यांचीं वयें काय, धंदा काय, हें विचारून लिहून घेतो, आणि कांहीं वर्षांनीं पुन्हां येतो. परंतु माश्यांचीहि अशीच एक खानेसुमारी असते, आणि तिच्यापायीं विद्वान् माणसांनीं आपलें सारें आयुष्य वेंचिलें आहे, असें सांगितलें तर पुष्कळ श्रोत्यांस ती थट्टा वाटेल. या खानेसुमारींत माश्यांचीं डोकीं मोजावयाचीं नसतात. देशांत माश्यांच्या जाति किती, प्रत्येकीचें मान्य नांव कोणतें, तें कोणीं व केव्हां दिलें, आणि ती कोणत्या प्रांतीं आढळली, एवढेंच नोंदावयाचें असतें. या 'एवढ्या'च कामाला आपल्या देशांत सव्वाशेंहून अधिक वर्षें लागलीं आहेत, व तें अद्याप संपलेलें नाहीं.

प्रथम 'माशी' या शब्दाकडे पाहूं. आपली भाषा या बाबतींत उदार आहे. मधमाशी, गांधीलमाशी, घरमाशी, गोमाशी या सर्वांना ती एकाच घरांत नांदविते. शास्त्रज्ञांच्या हिशेबीं यांपैकीं पहिल्या दोघी माश्या नव्हतच, कारण त्यांना चार पंख असतात. खऱ्या माशीला पंख दोनच. मागल्या पंखांच्या जागीं तिला दोन बारीक, टोंकाशीं गांठ असलेल्या दांड्या असतात, आणि उडतांना त्या तिचा तोल सांभाळतात. या कसोटीनें मधमाशी यादीबाहेर जाते, पण आपण ज्यांना कधीं माशी म्हणत नाहीं ते डांस आणि चिलटें मात्र आंत येतात. अशा द्विपंखी कीटकांच्या सुमारें एक लाख साठ हजार जाति आजवर जगांत वर्णिल्या गेल्या आहेत.

शास्त्रीय नामकरणाचा आरंभ स्वीडनच्या लिनीयसनें १७५८ सालीं केला, असें मानतात. त्याचा शिष्य फाब्रिसियस यानें जे कीटक वर्णिले त्यांपैकीं कित्येक तामिळ किनाऱ्यावरील त्रांकेबार या डेन लोकांच्या वसाहतींतून गेलेले होते. तेव्हांपासून शंभर वर्षें हाच क्रम चालला. कीटक इकडचा, त्याचा नमुना युरोपांतील एखाद्या संग्रहालयांत, आणि वर्णन लॅटिन, जर्मन किंवा फ्रेंच भाषेंतील तिसऱ्याच ठिकाणच्या मासिकांत. हिंदुस्थानांत बसून एखादी माशी ओळखूं पाहणाऱ्या मनुष्यास आपल्याच अंगणांतील प्राण्याचें नांव शोधण्यास सातासमुद्रांपलीकडे जावें लागे. हेग येथील डच पंडित व्हान डर वुल्प यांनीं १८९६ सालीं दक्षिण आशियांतील वर्णित माश्यांची एक सूची छापली, तेव्हां हा पसारा प्रथमच एका पुस्तकांत आला. परंतु ती ग्रंथांवरून केलेली सूची होती. शिवारांतून जाळें घेऊन हिंडणारा मनुष्य अजून यावयाचा होता.

तो आला कलकत्त्यास, आणि तो व्यवसायानें संगीतज्ञ होता. एन्रिको ब्रुनेट्टी हे जन्मानें लंडनचे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ते कलकत्त्यास राहिले आणि तेथील संग्रहालयांतील द्विपंखी कीटक त्यांनीं लावून काढिले. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' ही प्रचंड ग्रंथमाला १८८८ पासून ब्लॅनफर्ड यांच्या संपादकत्वाखालीं निघूं लागली होती. तींत माश्यांवरील पहिले तीन खंड ब्रुनेट्टींनीं लिहिले. ते १९१२, १९२० व १९२३ या सालीं प्रसिद्ध झाले. मध्यंतरीं, १९१६ सालीं, नेल्सन अॅनंडेल यांच्या नेतृत्वाखालीं भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याची स्थापना झाली, आणि या कामास सरकारी आधार मिळाला.

अशा नामकरणाचा उपयोग काय, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचें उत्तर अॅनंडेल आणि ब्रुनेट्टी यांनीं १९०८ सालीं वर्णिलेल्या एका वाळूमाशीच्या इतिहासांतच आहे. ही माशी तिळाएवढी. तिचे पाय रुपेरी, म्हणून नांव दिलें 'फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस'. त्या वेळीं ती यादींतील एक ओळ होती, याहून अधिक कांहीं नाहीं. तेव्हां बंगाल व आसाम प्रांतांत काळाआजारानें गांवेंच्या गांवें ओस पडत होतीं, आणि तो रोग कशानें पसरतो हें कोणास ठाऊक नव्हतें. १९२४ सालीं कलकत्त्याच्या संशोधकांना त्या रोगाचे जंतु याच माशीच्या पोटांत वाढतांना आढळले. त्यानंतर बरींच वर्षें प्रयोग फसत गेले. अखेर १९४२ सालीं स्वामिनाथ, शॉर्ट व अँडरसन यांनीं स्वखुषीनें पुढें आलेल्या माणसांवर प्रयोग करून हा रोग हिच्याच चाव्यानें होतो, असें सिद्ध केलें. गुन्हेगार सांपडला तेव्हां त्याचें नांव चौतीस वर्षें दप्तरांत नोंदलेलें होतें. तें नसतें तर कलकत्त्याचा डॉक्टर आणि आसामचा डॉक्टर एकाच माशीविषयीं बोलत आहेत कीं दोन, हेंहि ठरतें ना.

याच्या उलट उदाहरण रोनाल्ड रॉस यांचें आहे. १८९७ च्या ऑगस्टमध्यें सिकंदराबादेस त्यांना डांसाच्या पोटांत हिंवतापाचे जंतु प्रथम दिसले. वैद्यकाच्या इतिहासांतील हा थोर शोध. पण तो डांस कोणत्या जातीचा हें रॉस यांना सांगतां येईना. 'ठिपकेदार पंखांचा' एवढेंच वर्णन त्यांनीं केलें, कारण नांव पाहावें अशी यादी त्यांच्याजवळ नव्हती. ही उणीव पुढील थोड्याच वर्षांत भरून निघूं लागली, आणि तींत आपल्या वऱ्हाडाचा वांटा आहे. एलिचपूर, म्हणजे आजचें अचलपूर, येथें ग्लेन लिस्टन हे डॉक्टर वर्षभर डांसांचें निरीक्षण करीत होते. १९०१ सालीं त्यांनीं तेथील एका डांसाचें वर्णन केलें आणि हिंवतापाचे संशोधक स्टीफन्स यांच्या सन्मानार्थ त्यास 'अॅनॉफिलीस स्टीफेन्सी' हें नांव दिलें.

पुढें दहा वर्षांनीं मुंबईंत हिंवतापानें कहर केला. डॉक्टर बेंटली यांनीं चौकशी करून १९११ सालीं अहवाल दिला कीं, शहरांतील ताप पसरविणारा डांस हाच, आणि तो वाढतो घरोघरच्या विहिरींत. त्या विहिरी बुजवाव्या किंवा झांकाव्या, असा उपाय निघाला. विहिरीचें पाणी ज्यांच्या धर्मकृत्यांस आवश्यक होतें त्यांचा त्यास विरोध झाला, आणि त्यावर शहरांत बराच वाद माजला. येथें एका नांवावर केवढा भार पडला तें पाहावें. या देशांत अॅनॉफिलीस डांसाच्या साठाच्या आसपास जाति आहेत. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी. साठांतून एक नेमका ओळखतां आला म्हणूनच बोट विहिरीकडे वळलें. नाहीं तर सारा पैसा दलदली आणि भातखाचरें कोरडीं करण्यांत गेला असता.

डांसांचे स्वतंत्र खंड १९३३ व १९३४ सालीं निघाले. पहिला क्रिस्टोफर्स यांचा, दुसरा बॅरॉड यांचा. १९४० मध्यें निळ्याहिरव्या मांसमाश्यांवरील खंड आला. आणि घरमाशी? जी रोज आपल्या ताटावर बसते तिच्या कुलावरील पहिला भाग निघण्यास १९६५ साल उजाडावें लागलें. घरच्या माणसाचा फोटो शेवटीं निघावा, तसाच हा प्रकार झाला.

अशी यादी करतात कशी? प्रथम आजवर छापलेलें प्रत्येक वर्णन जमवावयाचें. मग ज्या मूळ नमुन्यावरून तें लिहिलें तो नमुना शोधावयाचा, कारण शब्दांत वाद झाला तर अखेरचा पुरावा तोच. एकाच माशीस तिघांनीं तीन नांवें दिलीं असतील तर सर्वांत जुनें तें खरें मानावयाचें, व बाकीचीं त्याच्याखालीं उपनांवें म्हणून लिहावयाचीं. ज्या नोंदीचा आधार लागत नाहीं ती निर्दयपणें वगळावयाची. यादी वाढविण्यापेक्षां तींतून खोटें नांव काढणें पुष्कळदां अवघड असतें.

जुन्या नांवाचा हा नियम साधा दिसतो. पण त्यानें कसा घोळ घातला तें ऐकण्यासारखें आहे. जर्मनीच्या मायगेन या माशीतज्ञानें १८०० सालीं एका लहान पुस्तिकेंत माश्यांच्या गटांस नवीं नांवें दिलीं. तीनच वर्षांनीं त्यानें स्वतःच त्याच गटांना निराळीं नांवें दिलीं. जगानें दुसरीं उचललीं. पुस्तिका विस्मृतींत गेली. १९०८ सालीं ऑस्ट्रियाच्या हेंडेल यांनीं ती पुन्हां उजेडांत आणली, आणि पंडितांत दोन तट पडले. ज्या चिलटाच्या लाल अळ्या सांचलेल्या पाण्यांत वळवळतात त्यास कोणी 'कायरोनोमस' म्हणे, कोणी 'टेंडिपेस'. अर्धे शतक हा गोंधळ चालून अखेर १९६३ सालीं प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगानें ती पुस्तिका नामकरणापुरती रद्द ठरविली.

दुसरी अडचण 'राष्ट्रीय' या शब्दाची. ब्रुनेट्टींच्या ग्रंथांत हिंदुस्थान म्हणजे सिलोन व ब्रह्मदेश यांसह सर्व मुलूख होता. १९३७ सालीं ब्रह्मदेश वेगळा झाला, १९४७ सालीं देशाची फाळणी झाली. माशीला सीमा ठाऊक नसते, परंतु यादीला ती पाळावी लागते. त्यामुळें रंगून किंवा लाहोर येथेंच सांपडलेल्या जाति नव्या भारताच्या यादींत ठेवावयाच्या कीं नाहीं, हें एकेका नोंदीचा मूळ पत्ता पाहून ठरवावें लागलें.

आणि मूळ नमुनेच बुडाले तर? तेंहि झालें. दुसऱ्या महायुद्धांत कलकत्त्यावर हल्ल्याची भीति निर्माण झाली, म्हणून १९४२ सालीं सर्वेक्षण खात्याचा संग्रह काशीस 'कैसर कॅसल' या इमारतींत हलविण्यांत आला. बाँबपासून तो वांचला. पण १९४३ सालीं वरुणा नदीला महापूर आला आणि पुष्कळ नमुन्यांची नासाडी झाली. टांचणीवर वाळलेला कीटक पाण्यांत गेला म्हणजे काय उरतें, हें सांगावयास नको. ज्या जंगलांत तो पकडला तें जंगलच मागाहून तुटलें असेल तर तो पुरावा पुन्हां मिळत नाहीं.

स्वातंत्र्यानंतर डेल्फिनाडो आणि हार्डी यांनीं १९७३ ते १९७७ या काळांत पौर्वात्य प्रदेशांतील माश्यांची तीन खंडांची सूची हवाई विद्यापीठांतून प्रसिद्ध केली. भारतीय अभ्यासकांना ती फार उपयोगी पडली. अखेर भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्यानें ३० जून २०२४ रोजीं देशांतील सर्व प्राण्यांची यादी संगणकावर सर्वांस खुली केली. तींत १,०४,५६१ जातींची नोंद होती, आणि त्यांत आपल्या माश्याहि आल्या.

काम संपलें असें मात्र कोणी समजूं नये. १९०१ सालींच गाइल्स यांनीं 'अॅनॉफिलीस क्युलिसिफेसीज' हें नांव दिलेला डांस खेड्यापाड्यांतील हिंवतापाचा मुख्य प्रसारक म्हणून ओळखला जात असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्याचीं गुणसूत्रें तपासलीं, तेव्हां त्या एका नांवाखालीं पांच जाति लपल्या असल्याचें निघालें. बाहेरून त्या इतक्या सारख्या कीं भिंगाखालींहि फरक कळत नाहीं. तरी त्यांतील एक जाति हिंवताप फारसा पसरवीत नाहीं आणि बाकीच्या पसरवितात. यादींतील एका ओळीच्या पांच ओळी झाल्या कीं कोणत्या जिल्ह्यांत औषध फवारावयाचें व कोणत्या नाहीं, याचा हिशेबच बदलतो. आणि लिस्टन यांचा अचलपूरचा डांस? तो २०१२ सालीं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जिबुटी येथें आढळला, व त्यानंतर त्या खंडांतील दुसऱ्या देशांतहि. तेथील आरोग्याधिकाऱ्यांना त्याचें कुल, त्याच्या संवयी, त्याचें पाण्याच्या टांक्यांशीं असलेलें सख्य, हें सर्व शोधण्यास लिस्टन आणि बेंटली यांच्या काळापर्यंत मागें जातां आलें.

इंग्लंडांत हें काम पुष्कळसें हौशी माणसांनीं चालविलें. तेथील माश्यांची १८८८ व १९०१ च्या याद्या करणारा जॉर्ज व्हेरॉल हा घोड्यांच्या शर्यतींवरील एक अंमलदार होता. त्याच्या मागून पुतण्यानें तो अभ्यास पुढें नेला. १९९८ सालीं पीटर चॅंडलर यांच्या संपादनानें नवी यादी निघाली, व तेव्हांपासून तिच्या दुरुस्त्या नेमानें छापून येतात. त्या लहानशा देशांत आज सात हजारांहून अधिक जाति नोंदल्या आहेत. आपला देश त्याहून कितीतरी मोठा. सह्याद्रीच्या एका घाटांतच किती प्रकारचे ओढे आणि किती प्रकारची झाडी! पण त्या मानानें माश्या ओळखणारीं माणसें आपल्याकडे फार थोडीं, आणि एक जाणता अभ्यासक निवृत्त झाला कीं त्याच्याबरोबर एखाद्या सबंध कुलाचें ज्ञान दाराबाहेर पडतें.

वाण्याची चोपडी एकदां लिहून भागत नाहीं. रोजची आवकजावक तींत चढवावी लागते, चुकलेली रक्कम खोडावी लागते. माश्यांची यादी ही तशीच देशाची एक चोपडी आहे. ती चढविणारे हात आपल्या महाविद्यालयांतून तयार होत राहिले, तर पुढचा कोणी रॉस आपल्या हातीं लागलेल्या डांसाला नुसता 'ठिपकेदार पंखांचा' म्हणून थांबणार नाहीं.