देकार्त आणि उणे चिन्ह

मेकॅनिक्सच्या गणितात "डावी दिशा ऋण धरा" असं असलं, की आपण मुकाट्याने उणे चिन्ह टाकतो. गंमत म्हणजे, ज्याच्या नावाचे 'कार्टेशियन' अक्ष आपण काढतो, त्या देकार्तनेच हे केलं नव्हतं! १६४४ साली त्याने मांडलं की विश्वातली एकूण गती कायम राहते. गती म्हणजे आकार गुणिले वेग. दिशेचा हिशोबच नाही.

आता ओल्या मातीचे दोन सारखे गोळे सारख्याच वेगाने समोरासमोर आदळले, की चिकटून तिथेच थांबतात. मग गती गेली कुठे?

१६६९ मध्ये हायगेन्सने टकरींचे नियम छापले, त्यात उत्तर होतं: उलट दिशेची गती वजा करा. झालं! गोळ्यांची बेरीज आधीही शून्य, नंतरही शून्य. धन बाजू कुठली, ही तुमची मर्जी. पण एकदा ठरवली की गणित संपेपर्यंत बदलायची नाही.