भिंतीच्या पोटातलं घर

आपल्या जुन्या घरांत कपाटं कुठे असत? उत्तर भिंतीतच सापडतं. पेशवाईतल्या वाड्यांच्या भिंती चांगल्या जाड असत. ही जाडी उन्हाला अडवी, आणि गवंडी तिचा आणखी एक उपयोग करून घेई. भिंत रचतानाच तो कोनाडे सोडी. दिव्यासाठी दिवळी, धान्यासाठी बळद, लोणच्या-तुपाच्या बरण्यांसाठी दारं लावलेलं फडताळ आणि पागोट्या-उपरण्यासाठी खुंट्या. सामान असं भिंतीच्या पोटात गेल्यामुळे जमीन मोकळी राही. एकाच माजघरात दुपारी पंगत बसे आणि रात्री अंथरुणं पडत.

अर्थात, ही सोय सर्वांच्या वाट्याला सारखी येत नसे. कोठीची खोली बहुधा अंधारी, आणि निवडण-पाखडण तिथेच. किल्ल्या मात्र घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या कमरेला. सुनेला स्वतःचा म्हणून एखादा कोनाडा मिळाला तरी पुष्कळ!

मुंबईत हे गणित पार बदललं. १९२०च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे बीडीडी चाळी उभारल्या. खोली १६० चौरस फुटांची, भिंती काँक्रीटच्या. त्यात कोनाडा कोरायची सोयच नव्हती. सामान भिंतीतून बाहेर आलं: खाटेखाली ट्रंका, डोक्यावर माळा, दोरीवर कपडे. त्याच दशकात, १९२३ साली, गोदरेजने पोलादी कपाटं बनवायला सुरुवात केली. पुढे लग्नाच्या खरेदीत या कपाटाला मानाचं स्थान मिळालं. पण जे फडताळ पूर्वी जागा देत असे, त्याची जागा घेणारं हे कपाट स्वतःच जागा खाऊ लागलं.

ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. जागा तिपटीने वाढली. पण जागा वाढली की सामानही वाढतं, हा सगळ्यांचाच अनुभव आहे. वाड्याच्या गवंड्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: वस्तू कुठे राहणार, हे भिंत उभी राहण्याआधी ठरवायचं असतं. आज आपण आधी भिंती रंगवतो, मग कपाटाला कोपरा शोधतो. नकाशा कागदावर असतानाच घरात राबणाऱ्या माणसाला विचारलं, डबे कुठे हवेत, गाद्या कुठे, तर निम्मा पसारा होणारच नाही. आणि हो, त्यातलं एक फडताळ तिच्या एकटीचं असू द्यावं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)