पेपरमिंट आणि चॉकलेट: ओव्हनविना घडणाऱ्या मिठाईचा इतिहास

पेपरमिंट ही संकरातून निपजलेली वनस्पती आहे. ओढ्याकाठी वाढणारा जलपुदिना आणि परसात लावला जाणारा साधा पुदिना हे तिचे दोन पूर्वज. तिला फुले येतात, पण रुजेल असे बी धरत नाही. म्हणून तिची लागवड आजतागायत जमिनीलगत पसरणारे धुमारे तोडून लावूनच करावी लागते. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन रे याने १६९६ साली हर्टफर्डशायरमधून आलेल्या नमुन्यांवरून तिचे वर्णन केले आणि तिची मिरीसारखी झोंबरी चव नोंदवून ठेवली. १७२१ मध्ये लंडनच्या अधिकृत औषधिकोशात तिचा समावेश झाला. पुढे मिठाईवाल्यांनी तिला जवळ केले, तरी तिच्या अंगचा औषधाचा वास कधीच पुरता गेला नाही. चॉकलेटची कथाही अशीच आहे. हे दोन पदार्थ एकत्र येण्याआधी दोघेही औषधविक्यांच्या फळीवरच होते.

लंडनच्या दक्षिणेला सरे परगण्यात मिचम नावाचे गाव होते. आज ते महानगराचा भाग आहे. तिथल्या काळ्या, ओलावा धरणाऱ्या जमिनीत अठराव्या शतकाच्या मध्यापासून लव्हेंडर आणि पेपरमिंट पिकू लागले. पॉटर अँड मूर ही तिथली अर्क काढणारी पेढी १७४९ सालची. शतकाच्या अखेरीस गावात सुमारे १०० एकर जमीन पेपरमिंटखाली होती आणि १८५० पर्यंत ती ५०० एकरांच्या घरात गेली. कापलेला पाला शेतातच थोडा सुकू द्यायचा, मोठ्या भांड्यात दाबून भरायचा आणि उष्णतेने त्यातले तेल वाफेबरोबर उडवायचे. थंड पाण्यात बुडवलेल्या नळीतून ती वाफ पुढे नेली की तिचे पाणी होते आणि वर तेल तरंगते. पाल्याच्या वजनाच्या शेकडा एक भागाहूनही कमी तेल हाती लागते, त्यामुळे ते महाग असे. पोटदुखी, मळमळ, गुबारा यांवर ते थेंबाथेंबाने साखरेवर घालून घेतले जाई. औषध घशाखाली उतरावे म्हणून वापरलेली ही साखरच पेपरमिंटच्या गोळ्यांची आई म्हणावी लागेल. लंडनमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात निघालेल्या ऑल्टॉइड्स या गोळ्याही पोटाच्या तक्रारींवरचा उपाय म्हणूनच विकल्या जात.

लंडनची घरे मिचमच्या शेतांवर चढत गेली आणि धंदा अमेरिकेकडे सरकला. न्यूयॉर्क राज्यातील लायन्स गावच्या एच. जी. हॉचकिसने निळ्या बाटल्यांतून विकलेले पेपरमिंट तेल १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात पदक मिळवून गेले. ज्या देशाने वनस्पती दिली, त्याच देशात अमेरिकी तेलाचा गौरव झाला. मिशिगनमध्ये अल्बर्ट टॉड याने १८६९ मध्ये सुरू केलेला धंदा पुढे कलामझू शहरात स्थिरावला. तेलात टर्पेंटाइन किंवा स्वस्त तेले मिसळणे तेव्हा सर्रास चाले. शुद्धतेच्या हमीवर टॉडचे नाव झाले आणि लोक त्याला ‘पेपरमिंटचा राजा’ म्हणू लागले. विसाव्या शतकात तिथल्या जमिनीत मर रोगाची बुरशी शिरली. बी नसलेल्या पिकात संकर करून रोगप्रतिकार आणणे अवघड, म्हणून टॉडच्या कंपनीने धुमाऱ्यांवर किरणोत्सर्गाचा मारा करून हजारो रोपे तपासली. त्यातून निवडलेले वाण १९७० च्या दशकाच्या आरंभी ‘टॉड्स मिचम’ या नावाने बाहेर पडले. शेती नाहीशी झाली तरी त्या जुन्या गावाचे नाव वाणाला चिकटून राहिले.

चॉकलेटचा औषधी वारसा ब्रिस्टलमध्ये स्पष्ट दिसतो. जोसेफ फ्राय हा तिथला क्वेकर पंथीय औषधविक्या. १७६१ मध्ये त्याने वॉल्टर चर्चमन याची चॉकलेटची पेढी विकत घेतली. कोको हे त्या काळी पेय होते आणि तेही तवंग धरणारे, जड. १८२८ मध्ये हॉलंडमधील व्हान हाऊटन यांच्या दाबयंत्राने कोकोतले लोणी वेगळे काढता येऊ लागले. हलकी पावडर एकीकडे आणि उरलेले कोकोचे लोणी दुसरीकडे, अशी वाटणी झाली. हे लोणी पावडर आणि साखरेत पुन्हा मिसळले की साच्यात ओतता येणारी लापशी मिळते, हे फ्राय मंडळींच्या लक्षात आले. १८४७ मध्ये त्यांनी खाण्याची चॉकलेटवडी विकायला काढली. फ्राय, कॅडबरी, राऊंट्री ही तिन्ही घराणी क्वेकर होती. दारूला पर्याय म्हणून कोको पुढे करण्यात त्यांचा धर्मही होता आणि नफाही. दोहोंपैकी कशाचे पारडे जड होते हे ठरवण्याच्या फंदात इतिहासकाराने न पडलेले बरे.

१८६६ मध्ये फ्राय यांनी चॉकलेट क्रीमची कांडी बाजारात आणली. आत पांढरे फाँडंट आणि वर गडद चॉकलेटचे कवच. फाँडंट म्हणजे साखरेचा पाक सुमारे ११५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळायचा, कोमट होऊ द्यायचा आणि मग पांढरा, मऊ लगदा होईपर्यंत घोटायचा. घोटण्याने साखरेचे कण इतके बारीक होतात की ते जिभेला जाणवत नाहीत. या लगद्यात पेपरमिंट तेलाचा थेंब पडला की चॉकलेट-पुदिन्याची जोडी तयार झाली. फ्राय यांची पेपरमिंट क्रीम पुढे याच कांडीच्या साच्यातून निघाली.

त्याच सुमारास इंग्लंडच्या उत्तरेला केंडल गावात जोसेफ वायपर याने १८६९ मध्ये पेपरमिंट घातलेली साखरेची वडी काढली. तिचे नाव ‘केंडल मिंट केक’, पण तिचा भट्टीशी काडीचाही संबंध नाही. ती उकळलेल्या साखरेची वडी आहे. ती पौष्टिक ठरली ती डोंगर चढणाऱ्यांमुळे. शॅकल्टनच्या १९१४ च्या अंटार्क्टिका मोहिमेत ती होती आणि १९५३ मध्ये हिलरी व तेनझिंग यांनी एव्हरेस्टच्या माथ्यावर रॉम्नी कंपनीची अशीच वडी खाल्ली. जवळजवळ निव्वळ साखर असलेला पदार्थ अशा रीतीने ‘ताकदीचे अन्न’ ठरला. उणे तापमानात चढणाऱ्याच्या बाबतीत ते खरेही होते.

विसाव्या शतकात ही जोडी जेवणानंतरच्या तबकात जाऊन बसली. लंडनच्या बेंडिक्स कंपनीने १९३१ च्या सुमारास ९५ टक्के कोको असलेल्या कडू चॉकलेटमध्ये पेपरमिंट फाँडंट गुंडाळले. पेन्सिल्व्हेनियातील यॉर्क गावी हेन्री केसलर या आइस्क्रीमच्या कोनांच्या कारखानदाराने १९४० मध्ये मऊ न पडणारी, मोडली की कडकन तुटणारी पेपरमिंट पॅटी काढली. इंग्लंडमधील यॉर्क शहरात राऊंट्री कंपनीने १९६२ मध्ये ‘आफ्टर एट’ आणले. दोन यॉर्कचा हा योगायोग अनेकांचा गोंधळ उडवतो. आफ्टर एटची वडी जेमतेम काही मिलिमीटर जाड आणि आतले पेपरमिंट पातळ. पातळ पदार्थावर चॉकलेटचे कवच चढवता येत नाही. कारखान्यात आत घट्ट फाँडंटच असते, मात्र त्यात इन्व्हर्टेज नावाचे विकर मिसळलेले असते. कवच चढल्यावर काही दिवसांत हे विकर साध्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन करते. या दोन्ही साखरा पाण्यात अधिक विरघळतात आणि घट्ट फाँडंट कवचाच्या आतच पातळ होते. इथे काम विस्तवाऐवजी वेळेने केले.

या मिठाईला ओव्हन का लागत नाही, याचे उत्तर तिच्या दोन घटकांतच आहे. कोकोचे लोणी सहा प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकते. त्यांतला पाचवा प्रकार हवा. तो चकचकीत असतो, कडकन मोडतो आणि सुमारे ३४ अंशांना, म्हणजे अंगाच्या उष्णतेच्या किंचित खाली वितळतो. चॉकलेट वितळवून, थंड करून, पुन्हा किंचित तापवण्याची कसरत या पाचव्या प्रकारासाठीच असते. पेपरमिंटमधले मेंथॉल उडून जाणारे आहे. भट्टीत ते टिकत नाही. शिवाय ते तोंडातल्या थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंनाच फसवते. २००२ मध्ये या चेतातंतूंवरील थंडी ओळखणाऱ्या ग्राहक प्रथिनाचा, ‘टीआरपीएम८’चा, शोध डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांच्या गटांनी स्वतंत्रपणे लावला; स्पर्श आणि तापमानाच्या संवेदनेवरील कामासाठी दोघांना २०२१ चे नोबेल मिळाले. वितळताना कोकोचे लोणी तोंडातली उष्णता शोषते आणि मेंथॉल थंडीची खोटी खबर देते. दोन्ही गारवे एकमेकांवर चढतात.

घरच्या स्वयंपाकात ही मिठाई दोन वाटांनी आली. ब्रिटनमध्ये पिठीसाखर, अंड्यातला पांढरा भाग आणि पेपरमिंटचा अर्क मळून, लाटून, चकत्या कापून सुकवायच्या आणि अर्ध्या चॉकलेटमध्ये बुडवायच्या, ही पेपरमिंट क्रीम मुलांना शिकवल्या जाणाऱ्या पहिल्या पाककृतींपैकी एक झाली. विस्तवाशी फारशी गाठ नाही, हेच त्यामागचे कारण. १९४२ पासून १९५३ पर्यंत तिथे मिठाई शिधापत्रिकेवर होती, त्या काळात असल्या घरगुती युक्त्यांची किंमत वाढली. अमेरिकेत फ्रिज पसरला तशी दुसरी वाट उघडली. १९२० आणि १९३० च्या दशकांत फ्रिजच्या कंपन्या यंत्राबरोबर पाककृतींची पुस्तके देत, कारण थंड पेटीचा उपयोग काय हेच अनेक घरांना सांगावे लागे. चॉकलेट बिस्किटे आणि साय थरावर थर रचून रात्रभर थंड करायचा केक त्याच पुस्तकांनी लोकप्रिय केला. शतकाच्या मध्यावर त्यात पुदिन्याचे हिरवे मद्य शिरले आणि ‘ग्रासहॉपर पाय’ तयार झाला. न्यू ऑर्लिन्समधल्या त्याच नावाच्या जुन्या पेयावरून तो सुचला होता.

‘आरोग्यदायी’ हे विशेषण १९७० च्या दशकात नव्या अर्थाने परतले. तेव्हाच्या अमेरिकी आरोग्य-दुकानांनी आधी चॉकलेटलाच हद्दपार केले आणि त्याच्या जागी कॅरोबच्या शेंगांची पूड आणली. ती कोणाला फारशी आवडली नाही. पुढे कोको निर्दोष ठरला आणि साखर आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. मग खजूर आला. मेडजूल जातीचे ११ फुटवे वॉल्टर स्विंगल याने १९२७ मध्ये मोरोक्कोहून अमेरिकेत नेले होते. कॅलिफोर्नियातल्या बागा त्यांतून वाढल्या. खजूर, काजू किंवा बदाम आणि कोको एकत्र वाटून थापलेल्या, न भाजलेल्या वड्या २००० नंतर तिथे पाकिटांतून विकल्या जाऊ लागल्या. पेपरमिंट तेल घातलेले त्यांचे गोळे हे आजच्या घरगुती ‘हेल्दी’ मिठाईचे प्रमुख रूप आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात नवल वाटण्यासारखे थोडे आहे. इथले लाडू आणि वड्या ओव्हनशिवायच होत आल्या आणि खजुराचे लाडूही जुनेच. आरोग्याचा दावा मात्र तपासून घ्यावा असा आहे. मेडजूल खजुरात १०० ग्रॅममागे सुमारे ६६ ग्रॅम साखर असते. सोबत ६-७ ग्रॅम तंतू असतात, एवढाच फरक. कोकोतील फ्लॅव्हनॉल रक्तवाहिन्या लवचीक ठेवायला मदत करतात हा दावा युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये मान्य केला, पण रोज २०० मिलिग्रॅमच्या अटीवर. आणि क्षार लावून गडद केलेल्या कोको पावडरीत हे फ्लॅव्हनॉल बरेच कमी होतात. पेपरमिंट तेलाच्या आतड्यात विरघळणाऱ्या कॅप्सूल आतड्यांच्या मुरड्यांवर दिल्या जातात. तेच तेल अन्ननलिकेच्या खालच्या झडपेला सैल करते. त्यामुळे जेवणानंतरची पेपरमिंट आम्लपित्ताच्या रुग्णाला त्रासदायक ठरू शकते. पाचक म्हणून दोन शतके खपलेल्या मिठाईची ही बाजू जाहिरातीत कधी आली नाही.

भारताचा या इतिहासातला वाटा मेंथॉलचा आहे. मेंथॉल देणारा जपानी पुदिना १९५० च्या दशकात भारतात आणला गेला. त्याआधी मेंथॉलच्या व्यापारावर जपानच्या होक्काइदो बेटावरील किटामीचे वर्चस्व होते. लखनौच्या सीमॅप संस्थेने ‘कोसी’सारखी वाणे दिली आणि उत्तर प्रदेशातील बाराबंकीच्या शेतकऱ्यांनी बटाटा-मोहरीनंतर व भाताच्या लावणीआधी मधल्या महिन्यांत हे पीक बसवले. आज जगातले बहुतांश नैसर्गिक मेंथॉल भारतातून जाते, आणि मेंथा तेलाचे वायदे मुंबईच्या एमसीएक्स बाजारात होत आले आहेत. मराठी घरांत हेच मेंथॉल पुदिन्याचे फूल म्हणून अमृतधारेत ओव्याच्या फुलाशी आणि कापराशी मिसळत आले.

बाजारात जुडीने मिळणारा पुदिना मात्र वेगळा. त्याचा वास मुख्यतः कार्व्होनचा असतो, मेंथॉल नगण्य. तो वाटून कोकोत घातला तर चटणीची आठवण येते. शिवाय ओल्या पाल्यातले पाणी वितळलेल्या चॉकलेटला लागले की ते आवळून त्याचा खरबरीत गोळा होतो. म्हणून खाण्याच्या प्रतीचे पेपरमिंट तेलच लागते, आणि तेही पाव किलो मिश्रणाला दोन-तीन थेंबच. जास्त झाले तर तोंडात दंतमंजन आल्यासारखे वाटते. मुंबई-पुण्यात दिवाळीच्या खोक्यांसाठी घरी केले जाणारे मिंट चॉकलेट बहुधा ‘डार्क कंपाऊंड’चे असते. त्यात कोकोच्या लोण्याऐवजी बहुधा पामच्या बियांतील गराचा घट्ट केलेला मेद असतो. तो पाचव्या स्फटिकाची कसरत मागत नाही, आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिकतो आणि स्वस्तही पडतो. तो अंगाच्या उष्णतेला तितका स्वच्छ वितळत नाही, आणि त्यातला संपृक्त मेद पाकिटावरच्या ‘घरगुती’ या शब्दाने कमी होत नाही.