टर्की पक्षी आणि विजेचा रोस्टर



अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नोव्हेंबर महिन्यांतील चौथा गुरुवार हा मोठ्या सणाचा दिवस मानतात. त्या सणाचें नांव थँक्सगिव्हिंग, म्हणजे कृतज्ञतेचा दिवस. दूरदूरचे मुलगे, मुली, जांवई, नातवंडें त्या दिवशीं वडील माणसांच्या घरीं जमतात आणि एका मोठ्या मेजाभोंवतीं बसून जेवतात. या जेवणांतील मुख्य पदार्थ म्हणजे अखंड भाजलेला टर्की पक्षी. त्याचें वजन दहा पौंडांपासून वीस पौंडांपर्यंत असतें. एवढें मोठें धूड घरच्या स्वयंपाकघरांत भाजावयाचें कसें, हा प्रश्न तिकडील गृहिणीपुढें पिढ्यान्‌पिढ्या उभा राहिलेला आहे. त्या प्रश्नाला विसाव्या शतकानें दिलेलें एक उत्तर म्हणजे ओट्यावर ठेवतां येणारा विजेचा रोस्टर. वस्तु दिसावयास अगदीं साधी. परंतु तिची हकीकत सांगूं लागलें, म्हणजे पक्षी, सण, वीज आणि बायकांचे कष्ट असे चार निरनिराळे इतिहास एकाच झाकणाखालीं एकत्र आलेले दिसतात.

प्रथम पक्ष्याची कथा पाहूं. टर्की हा मूळचा अमेरिका खंडांतला. स्पॅनिश लोकांचीं गलबतें तेथें लागण्यापूर्वीं कित्येक शतकें मेक्सिकोंतील मूळ रहिवाशांनीं तो माणसाळविला होता. सोळाव्या शतकाच्या आरंभीं स्पॅनिश लोकांनीं तो युरोपांत नेला आणि तेथून त्याच्या नांवाचा मोठा गोंधळ सुरू झाला. तुर्की मुलखांतून येणाऱ्या गिनी कोंबडीशीं त्याची गल्लत होऊन इंग्रजांनीं त्याला 'टर्की' म्हटलें. फ्रेंचांनीं त्याला हिंदुस्थानची कोंबडी समजून 'दँद' हें नांव दिलें. खुद्द तुर्क लोक त्याला 'हिंदी' म्हणतात. पोर्तुगीजांनीं त्याला 'पेरू' म्हणजे दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाचा ठरविलें, आणि तोच शब्द उत्तर हिंदुस्थानांत 'पीरू' होऊन राहिला. प्रत्येकानें तो पक्षी दुसऱ्या कोणाच्या तरी पदरांत टाकला. ज्या लोकांनीं तो खरोखर पाळला व वाढविला, त्यांचें नांव मात्र या भाषांतील एकाहि शब्दांत उरलें नाहीं.

या पक्ष्याचा आपल्या किनाऱ्याशीं आलेला संबंध मोठा मनोरंजक आहे. इ. स. १६१२ मध्यें मुकर्रबखान नांवाच्या मोगल सरदारानें गोव्याहून कांहीं अपूर्व वस्तु विकत घेऊन जहांगीर बादशहापुढें ठेवल्या. त्यांत एक टर्कीहि होता. बादशहाला पशुपक्ष्यांचा विलक्षण नाद. आपल्या आत्मचरित्रांत त्यानें या पक्ष्याचें बारकाईनें वर्णन केलें आहे: लांडोरीहून मोठा, मोराहून लहान, माजावर आला म्हणजे पिसारा फुलवून नाचतो, आणि त्याच्या डोक्यामानेचा रंग सरड्यासारखा क्षणोक्षणीं पालटतो. केवळ शब्दांनीं समाधान न झाल्यामुळें त्यानें चित्रकारांकडून अशा प्राण्यांचीं चित्रें काढविलीं. उस्ताद मन्सूर याचें तें टर्कीचें चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियममध्यें आहे. म्हणजे इंग्रज वसाहतवाले प्लिमथच्या किनाऱ्यावर उतरले त्याच्या आठ वर्षें आधीं हा पक्षी गोव्यावरून मोगल दरबारीं पोंचला होता!

आतां सणाकडे वळूं. १६२१ च्या शरदांत प्लिमथ येथील पन्नासएक इंग्रज वसाहतवाल्यांनीं पहिलें पीक हातीं आल्याचा आनंद साजरा केला. वाम्पनोग जमातीचा प्रमुख मॅसासॉइट हा आपलीं सुमारे नव्वद माणसें घेऊन तेथें आला. तीन दिवस खाणेंपिणें चाललें. पाहुण्यांनीं पांच हरणें मारून आणलीं. एडवर्ड विन्स्लो याच्या पत्रांत ही हकीकत आहे. त्यांत रानपक्ष्यांच्या शिकारीचा उल्लेख आहे, परंतु टर्कीचें नांव नाहीं. आज ज्याला पहिला थँक्सगिव्हिंग म्हणतात त्या भोजनाचें हें मूळ. त्याला राष्ट्रीय सणाचें रूप आलें तें पुष्कळ पुढें, आणि तेंहि एका बाईच्या चिकाटीनें. साराह जोसेफा हेल ही एका लोकप्रिय स्त्रीमासिकाची संपादिका. १८४० च्या दशकापासून तिनें राज्याराज्यांच्या गव्हर्नरांना आणि एकामागून एक आलेल्या अध्यक्षांना पत्रें लिहून सर्व देशानें हा दिवस एकाच वेळीं पाळावा असा धोशा लावला. अखेर यादवी युद्ध ऐन भरांत असतां, ३ ऑक्टोबर १८६३ रोजीं, अध्यक्ष लिंकन यांनीं नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार त्यासाठीं जाहीर केला. १९३९ मध्यें अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं नाताळच्या खरेदीला व्यापाऱ्यांस अधिक दिवस मिळावे म्हणून सण एक आठवडा अलीकडे ओढला, तेव्हां कांहीं राज्यांनीं नवी तारीख पाळली, कांहींनीं जुनी, आणि एका देशांत दोन थँक्सगिव्हिंग झाले. १९४१ च्या कायद्यानें चौथा गुरुवार कायमचा ठरला. येथें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. ज्या लोकांनीं १६२१ मध्यें हरणें आणलीं, त्यांच्या जमिनी पुढें गेल्या व पुष्कळांचे प्राणहि गेले. १९७० पासून त्यांचे वंशज व इतर मूळ रहिवासी याच दिवशीं प्लिमथ येथें जमून शोकदिन पाळतात.

पक्षी आला, सण आला, आतां विस्तव. जुन्या काळीं भाजणें म्हणजे उघड्या चुलवणापुढें सळईवर टांगून मांस फिरवीत राहणें. एका बाजूस आंच, दुसऱ्या बाजूस वारा; मांस बाहेरून खरपूस होई आणि कोरडी हवा भोंवतीं खेळत राही. पुढें कल्हईच्या पत्र्याची, एका बाजूनें उघडी अशी पेटी आली. ती विस्तवाकडे तोंड करून ठेवीत, म्हणजे आंच आंतल्या चकचकीत पत्र्यावरून परतून मांसावर पडे. एकोणिसाव्या शतकांत बिडाच्या बंद चुली घरोघर झाल्या आणि सळई गेली. तेव्हांपासून मांस खऱ्या अर्थानें भाजलें जात नाहीं, भट्टींत शेकलें जातें. जुनें क्रियापद मात्र कायम राहिलें. या सुधारणांच्या मुळाशीं असलेला एक पुरुष म्हणजे मॅसॅच्युसेट्समध्यें जन्मलेला आणि बव्हेरियाच्या दरबारीं मानास चढलेला शास्त्रज्ञ काउंट रम्फर्ड. उघड्या चुलींत बहुतेक उष्णता फुकट जाते हें त्यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस लोकांच्या कानीं कपाळीं ओरडून सांगितलें. बटाटे वाळविण्याच्या यंत्रांत मेंढीचें मांस रात्रभर ठेवून तें मंद आंचेवर उत्तम शिजतें, असेंहि त्यानें पाहिलें. बंद पेटी, थोडी हवा आणि मंद आंच हें रोस्टरचें तत्त्व त्याच प्रयोगांत दिसतें.

वीज स्वयंपाकघरांत शिरावयास वेळ लागला. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनांत विजेचें स्वयंपाकघर मांडलें होतें, पण तें कौतुकापुरतें. तापून लाल झाली तरी लवकर जळून न जाणारी तार मिळेपर्यंत विजेच्या शेगडीला अर्थ नव्हता. ती तार आल्बर्ट मार्श यानें निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रणानें तयार केली व १९०६ मध्यें तिचें पेटंट मिळविलें. तरीहि प्रश्न उरला तो तारांचा. विजेच्या मोठ्या चुलीला दुप्पट दाबाची स्वतंत्र जोडणी लागे आणि ती भाड्याच्या घरांत कोण करून देणार? शिवाय १९३० च्या दशकाच्या मध्यास तिकडील शहरांत सुमारे नव्वद टक्के घरांत वीज होती, तर शेतकऱ्यांच्या दहा घरांपैकीं एकाच घरीं ती पोंचली होती. १९३५ मध्यें रूझवेल्ट सरकारनें ग्रामीण विद्युतीकरणाचें खातें काढलें आणि खेड्यापाड्यांत खांब उभे राहूं लागले. दिवा आला, पण नवी चूल घेण्याइतका पैसा त्या मंदीच्या दिवसांत थोड्यांपाशींच होता.

नेमक्या याच फटींत विजेचा रोस्टर शिरला. मिलवॉकी येथील 'नेस्को' हा एनॅमलची भांडीं करणारा कारखाना आणि 'वेस्टिंगहाउस' यांसारख्या कंपन्यांनीं १९३० च्या दशकांत तो घरोघर नेला. त्याची रचना अशी: बाहेर पत्र्याचें लंबवर्तुळाकार कवच, त्याच्या आंत उष्णतारोधक थर, त्याच्या आंत बाजूंनीं व बुडाशीं फिरविलेली तापणारी तार, तिच्या आंत बाहेर काढून धुतां येणारें एनॅमलचें खोल भांडें, वर घट्ट झाकण, आणि पुढें उष्णतेचा आंकडा लावण्याची चावी. मोठ्या रोस्टरमध्यें सतरा लिटर माल मावतो आणि तो चौदाशेंपन्नास वॉटच्या आसपास वीज घेतो. तिकडील एकशेंवीस व्होल्टच्या साध्या प्लगवर हा भार जेमतेम पेलतो. त्याच तारेवर दुसरी इस्त्री किंवा शेगडी लावली तर फ्यूज उडावयाचा. परंतु साधा प्लग पुरतो, यांतच त्याचें यश होतें. भाडेकरूला, शेतकऱ्याला, एका खोलींत संसार थाटलेल्या नवऱ्याबायकोला घरमालकाची परवानगी न घेतां भट्टी मिळाली.

आतां पक्षी प्रत्यक्ष भाजावयाचा कसा, तें थोडक्यांत सांगतों. कारण इतिहास येथें शास्त्राला भेटतो. गोठविलेला पक्षी प्रथम शीतपेटींत विरघळू द्यावा लागतो आणि दर चार-पांच पौंडांस एक दिवस असा हिशेब असतो. वीस पौंडांचा पक्षी गुरुवारीं हवा तर शनिवारीं-रविवारींच बाहेर काढला पाहिजे. मग त्वचा कोरडी पुसून, लोणी व मीठ लावून, तो जाळीवर ठेवून भांड्यांत सोडतात. रोस्टर आधीं तापवून घेऊन त्याची आंच ३२५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १६३ अंश सेल्सियस, याहून कमी ठेवीत नाहींत. फार मंद आंचेंत मांस जंतूंना पोषक अशा कोमट अवस्थेंत तासन्‌तास राहतें. बारा ते चौदा पौंडांच्या पक्ष्याला साध्या भट्टींत तीन ते पावणेचार तास लागतात. रोस्टरांतहि साधारण तितकाच वेळ धरतात. पण घड्याळावर विसंबून चालत नाहीं. छातीच्या सर्वांत जाड भागांत आणि मांडीच्या आंतल्या बाजूस उष्णतामापक खुपसून १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ अंश सेल्सियस, भरले म्हणजेच पक्षी शिजला असें समजावें. मध्यंतरीं झाकण उचलून डोकावण्याचा मोह आवरावा लागतो. भांड्यांतली हवा थोडी असल्यामुळें एकदां झाकण उघडलें कीं सांठलेली उष्णता भर्रकन निघून जाते.

या यंत्राचा गुण आणि दोष एकाच कारणांतून उपजतात. झाकणाखालीं वाफ कोंडली जाते, म्हणून मांस ओलसर व मऊ राहतें. परंतु त्याच वाफेमुळें त्वचा भिजते, आणि भिजलेली वस्तु पाण्याच्या उत्कलनबिंदूवर सहसा चढत नसल्यानें तिला तांबूस खरपूसपणा येत नाहीं. म्हणून कोणी आरंभीं आंच पूर्ण चढवितात, कोणी त्वचेला तांबड्या मिरचीची पूड लावून रंगाची उणीव भरून काढतात, तर कोणी शेवटचीं दहापंधरा मिनिटें पक्षी मोठ्या भट्टींत नेतात. सळईवरच्या भाजण्यांत खरपूसपणा होता आणि ओलावा जाई. बंद पेटींत ओलावा राहिला आणि खरपूसपणा गेला.

यंत्र पक्ष्याला जुळवून घेतें तसा पक्षीहि यंत्राला जुळवून घेतो. कुटुंबें लहान झालीं, भट्ट्या आणि शीतपेट्या आंखूड पडूं लागल्या. तेव्हां मेरीलँडमधील बेल्ट्सव्हिल येथील सरकारी शेतीसंशोधन केंद्रानें १९३४ पासून प्रयोग करून, बेताच्या आकाराची, पांढऱ्या पिसांची टर्कीची नवी जात तयार केली. कांहीं वर्षें ती फार चालली. पुढें रुंद छातीच्या मोठ्या पांढऱ्या जातीनें तिला मागें टाकलें. चुलीच्या मापानें पक्षी घडविला गेल्याचें असें उदाहरण विरळाच.

शेवटीं एक प्रश्न उरतो. रोस्टरनें बाईचे कष्ट वांचविले काय? जाहिरातींनीं तसें वचन दिलें होतें. चुलीपाशीं तिष्ठत बसण्याचें, सरपण सारण्याचें काम खरोखरच गेलें, हें नाकारतां येणार नाहीं. पण टर्की ओट्यावर गेला तेव्हां मोठी भट्टी रिकामी झाली आणि त्या रिकाम्या भट्टींत भोपळ्याचा पाय, रताळीं, पाव, आणखी दोन पदार्थ आले. रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहाससंशोधक बाईंनीं १९८३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत हेंच दाखविलें आहे कीं, घरांत यंत्रें आलीं तेव्हां पुरुषांच्या आणि मुलांच्या वाट्याचीं कामें आधीं गेलीं. गृहिणीपुढचें काम उरलेंच, आणि तिच्याकडून अपेक्षा मात्र वाढली. पूर्वीं लांकडें फोडावयास नवरा लागे, सळई फिरवावयास मुलगा लागे. बटण दाबावयास एकटी बाई पुरते.

आज मोठ्या भट्ट्या सर्वत्र झाल्या, तरी रोस्टर नाहींसा झालेला नाहीं. सणाला, लग्नाला, चर्चच्या तळघरांतील सार्वजनिक जेवणाला तो अजून फडताळांतून खालीं उतरतो. कृतज्ञतेच्या दिवशीं मेजाच्या शिरोभागीं बसलेला गृहस्थ सुरी हातीं घेऊन पक्षी कापतो आणि सर्वजण त्याची वाहवा करतात. त्या घटकेस दोन ऋणें मनांत असावींत. एक, ज्यांनीं हा पक्षी प्रथम माणसाळविला आणि ज्यांचें नांव त्याला कोणींच दिलें नाहीं, त्या लोकांचें. आणि दुसरें, शनिवारपासून पक्षी विरघळत घालून गुरुवारीं पहाटे झाकण लावणाऱ्या त्या बाईचें. सणाचें नांवच कृतज्ञता आहे. तेव्हां तिचा आरंभ स्वयंपाकघरापासून व्हावा, हें रास्तच होईल.